अर्धा वडा

ऑपरेशनची गोष्ट सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. एसटीच्या कंडक्टरला सांगितली, फाट्यावरच्या चहावाल्याला सांगितली, पऱ्याचं पाणी ओलांडताना भेटलेल्या गुराख्यालाही सांगितली. घरी पोचेपर्यंत मी ती इतकी आखडती घेतली होती, की नुसतं पोटाकडे बोट दाखवून "कापलंय" एवढंच म्हणत होतो. तरी प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला.

"मग आता जेवतोस काय रे भिवा?"

प्रश्न रास्तच होता म्हणा. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत माझं नाव निघालं की लोकांना जेवणच आठवायचं. मी मुंबईला गोदीत पोती उचलायचो आणि त्याच ताकदीने जेवायचो. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यापुढे टोपलंच ठेवून जायचा, त्याच्या फेऱ्या वाचायच्या. गौरीच्या दिवशी तर माझं जेवण बघायला शेजारपाजारची माणसं आमच्या ओटीवर येऊन बसायची. मी कोंबडीच्या रश्शात वडा बुडवला की कुणीतरी "चालू दे, चालू दे" म्हणायचं आणि मला चेव चढायचा. माणसाला कशाचा ना कशाचा तरी मान असतो. मला तो जेवणाचा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला गोदीतच मला रक्ताची उलटी झाली. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरने अल्सर म्हणून सांगितलं आणि पोटाचा बराचसा भाग कापून टाकला. "आता तुमच्या पोटात पेलाभरच जागा आहे," तो म्हणाला. "दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं. सावकाश चावायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. आणि गुळाचं, साखरेचं पातळ काही घेऊ नका. घेतलंत तर घाम फुटेल, हातपाय कापतील, छाती धडधडेल. घाबरायचं नाही, गप आडवं व्हायचं." डॉक्टर तरुण होता, थट्टेखोर होता. जाता जाता म्हणाला, "अहो, परदेशात लठ्ठ माणसं बारीक व्हायला पोट कापून घेतात. तुमचं आयतंच काम झालं." मला हसू आलं नाही. टाके ओढत होते.

चवथीच्या आदल्या दिवशी मी आणि माझी बायको प्रभावती गावी आलो. माझा जुना सदरा माझ्या अंगावर दुसऱ्याचा मागून आणल्यागत लोंबत होता. माझा थोरला भाऊ रावजीदादा फाट्यावर न्यायला आला होता. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, ट्रंक डोक्यावर घेतली आणि घर येईपर्यंत पावसाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलला नाही.

आईनेही काही विचारलं नाही. ती खळ्यात आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "काय खावासा वाटतंय तुला?"

"आये, आता इतकंच खायचं." मी ओंजळ करून दाखवली. "डॉक्टरने सांगितलंय."

"डाक्टर सांगंल. तुला काय खावासा वाटतंय ता सांग."

हा प्रश्न मग काही केल्या थांबेना. सकाळी उठलो की हाच, दुपारी हाच, निजायला गेलो की हाच. आणि मी काही सांगितलं नाही तरी ताटात सगळं यायचंच. फणसाची साठं निघाली. पेटाऱ्यात जपून ठेवलेले सुके बोंबील निघाले. रावजीदादाला तिने संगमेश्वरच्या बाजाराला पिटाळलं आणि भर पावसात मासळी आणवली. मथुरावयनी, म्हणजे दादाची बायको, चुलीपुढून हलत नव्हती. लाल झालेले डोळे पदराने पुसत ती म्हणायची, "भावजी, खा हो. आयेचा जीव तुमच्यात हाय."

मी दोन घास खायचो आणि हात आखडायचो. मग आई समोर बसायची. रागवायची नाही, काही नाही. नुसती ताटाकडे बघायची. त्या बघण्याने मला इतका शीण यायचा, की आणखी दोन घास मी शीण घालवायला खायचो. मग तासभर पोट धरून पडून राहायचो. उरलेलं प्रभावती गुपचूप आपल्या ताटात घ्यायची. ती मुंबईची, लालबागला वाढलेली, बोलायला फटकळ. एकदा चुलीपाशी आईला म्हणालीच, "आई, तुम्ही ह्यांना मारायला निघालात की काय?"

आईच्या हातातला चमचा खाली पडला. ती उठून मागच्या पडवीत गेली. मला प्रभावतीचा राग आला आणि ती बोलली ते बरं झालं असंही वाटलं. दोन्ही वाटण्याचेसुद्धा श्रम होत होते मला.

भेटायला येणाऱ्यांची आणखीनच तऱ्हा. एरवी गणपतीत माणसं येतात, आरती म्हणतात, टाळ कुटतात, चेष्टा करतात आणि पुढच्या घरी जातात. या खेपेला जो तो माझ्याजवळ येऊन गप बसायचा. म्हातारी माणसं माझा हात हातात घ्यायची. वाडीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस म्हणजे आप्पा गावकर. देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. ते ऐंशीच्या घरातले, काठी टेकत चढण चढून मुद्दाम आले आणि म्हणाले, "भिवा, तू चांगला माणूस हायस. कुनाचा वायट केला नायस." मी म्हटलं, "आप्पा, बसा, चा घ्या." ते बसले, चहा न घेता उठले. मला वाटलं, वय झालं, भ्रमलेत.

मग गौरीचा दिवस आला.

आमच्याकडे गौर तेरड्याची. नदीवरून वाजत आणायची, सुपात उभी करायची, तिला साडी नेसवायची. तिच्या जेवणाला आधी गोड घावन-घाटलं, मग तिखटाचं, म्हणजे कोंबडी-वडे. आणि आमच्या घरात एक जुना दंडक आहे. गौरीच्या दिवशी पानात काही टाकायचं नाही. टाकलं तर माहेरवाशीण गौर उपाशी गेली असं धरतात. इतकी वर्षं मला या दंडकाची आठवणसुद्धा व्हायची नाही, कारण माझ्या पानात कधी काही उरलंच नव्हतं.

सकाळपासून घरभर वाटणाचा वास सुटला होता. खोबरं भाजलेलं, कांदा भाजलेला, आणि वर वड्यांचं तेल. मी ओटीवर पडलो होतो आणि त्या वासाने मला रडायला येत होतं. कुणाला सांगायची सोय नाही. पोट कापलं तरी भूक कापता येत नाही, हे त्या थट्टेखोर डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मला एक वडा हवा होता. एकच. पण तो कुणी माझ्या तोंडाकडे न बघता, आणि पुढचा वडा हातात धरून उभं न राहता.

पंगत बसली. अंगणात ढोलकी चालू होती, बाल्ये, म्हणजे आमच्याकडचे नाचे, फेर धरत होते, पायांतली घुंगरं वाजत होती. ओटीवर सवयीने माणसं येऊन बसली होती, आप्पाही होते. प्रभावती माझ्यामागे खांबाला टेकून उभी राहिली, पोलिसासारखी. आई स्वतः वाढायला आली. ती पंगतीला बसत नव्हती. आल्यापासून मी बघत होतो, ती भाकरी आणि मीठ घेऊन कोपऱ्यात बसायची. विचारलं तर म्हणायची, "उपास हाय." तिचे उपास मला कधीच नीट कळले नव्हते, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

तिने माझ्यापुढे वाटीभर घाटलं ठेवलं. तांदळाचं, नारळाच्या दुधातलं, गुळाचं, वर वेलची.

"आये, गोड नको गो," मी म्हटलं.

"गौरीचा हाय," ती म्हणाली. "इतका खा. मग मी काय म्हननार नाय."

मी प्रभावतीकडे बघितलं नाही. एक चमचा घेतला. इतक्या महिन्यांनी गूळ जिभेला लागला होता. दुसरा घेतला. मग चमचा बाजूला ठेवला आणि वाटीच तोंडाला लावली. आईचा आग्रह वगैरे सगळं खरं, पण ती वाटी मी माझ्या हावेने संपवली.

पानात वडे पडले, रस्सा पडला. पहिला घास मोडला आणि मला घाम फुटला. आधी कपाळाला, मग पाठीला. छाती इतकी धडधडायला लागली, की ढोलकी अंगणात वाजतेय का माझ्या बरगड्यांत, ते कळेना. हात कापायला लागले. घास खाली पडला. मांड्या कापायला लागल्या, दात वाजायला लागले आणि माझ्या तोंडून कसलासा घोगरा आवाज निघाला.

पंगत थांबली. ढोलकी थांबली. ओटीवरून आप्पा गावकर उठले, काठी टाकून दिली आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "आला. राखनदार आला!"

आमच्या घराचा राखणदार, म्हणजे घर सांभाळणारा देव, पूर्वी माझ्या काकाच्या अंगात यायचा. दर गौरीला यायचा आणि घरादाराला कौल द्यायचा. काका वारल्यापासून कुणाच्याच अंगात आला नव्हता आणि दादाला त्याची मोठी चिंता होती. आता सगळ्यांचे चेहरे उजळले. ढोलकीवाल्याने दुप्पट जोराने थाप टाकली.

"अहो, अंगात बिंगात काही नाही!" प्रभावती ओरडली. "गुळाने झालंय! डॉक्टरने सांगितलंय, आडवं करा त्यांना!"

"शिवू नको गो त्याला," आप्पांनी तिला हाताने अडवलं. "बाईमानसानं पायांबिगर शिवायचा नाय."

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला जोर लागतो, आणि मग समजावून सांगायला त्याहून जोर लागतो, आणि ऑपरेशनची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची माझ्यात ताकदच उरली नव्हती. मी एवढंच म्हणालो, "मला निजू द्या."

"राखनदार शिनलाय," आप्पांनी सगळ्यांना समजावलं. "लांबून आलाय. बेगीनं काय ता इचारून घ्या." आणि मग त्यांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखनदारा, आज तू लेकराच्या कुडीत आलायस, ह्या घराची इडापिडा तू टाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं घर ओरडलं.

दादा पुढे आला. माझा थोरला भाऊ, ज्याने मला लहानपणी छडीने फोडून काढलं होतं, तो माझ्यापुढे वाकून विचारत होता, "नव्या हिरीला पानी लागंल काय?"

"लागेल," मी म्हणालो. नाही म्हणून सांगायची ताकद कुणाला होती. माझे डोळे मिटत होते.

मग माझ्या पायांवर काहीतरी पडलं. बघतो तर आईचं डोकं. पांढरे केस, त्यात गौरीला वाहिलेलं अबोलीचं फूल. सख्ख्या आईने आपल्या पायांवर डोकं ठेवलेलं कुणाला सोसवेल? मी पाय ओढून घ्यायला गेलो तर तिने ते घट्ट धरून ठेवले.

"देवा," ती म्हणाली. ढोलकीच्या आवाजात ते मला आणि फार तर प्रभावतीला ऐकू आलं असेल. "मुंबैवाल्यांनी हात टेकलं म्हून माज्या पोराला घरी धाडला ना? मी त्याला इचारला नाय. कसा इचारू? त्याला खावासा वाटंल ता सगळा घातला मी. आता सांग, कवा न्यायचा हाय त्याला? आनी त्याच्या बदली मला नेशील काय?"

एकदम सगळं कळलं मला. आमच्या वाडीत मुंबईचा माणूस आजारी होऊन गावी येतो तो मरायलाच. माझा काका तसाच आला होता, शेजारचा धोंडू तसाच आला होता, ट्रंक घेऊन, सदरा लोंबत. असा माणूस आला की घरचे त्याला काही विचारत नाहीत. त्याला हवं ते खायला घालतात आणि लोक येऊन हात हातात घेऊन जातात. आणि मी मूर्ख, आल्यापासून नुसती माझ्या पोटाची कटकट करत बसलो होतो. मी जगणार आहे, एवढं एक वाक्य कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं. मला वाटलं होतं, ते दिसतंच आहे.

छातीत धडधडत होतंच. दात आवळून मी म्हणालो, "नाय नेत. तो बरा झालाय. वायट होतं ते कापून टाकलंय." धाप लागली. थांबलो, पुन्हा बोललो. "पुढच्या गौरीला तो इथेच बसेल. पण त्याला थोडं थोडं वाढ. अर्धा वडा वाढ. आग्रह करू नको त्याला, आये."

"व्हय महाराजा!" लोक ओरडले. त्यांना काय ऐकू गेलं कुणास ठाऊक.

मी आडवा झालो. प्रभावतीने माझ्या डोक्याखाली उशी सारली आणि या वेळी तिला कुणी अडवलं नाही.

जाग आली तेव्हा मी ओटीवर होतो, ऊन उतरलं होतं. घाम सुकला होता, पण अंग पिळून काढल्यासारखं झालं होतं. पंगती कधीच उठल्या होत्या. आई माझ्या उशाशी बसली होती. तिच्या पुढ्यात दोन पानं होती. एक माझंच, मघाचं, वडे आणि रस्सा तसाच असलेलं, वर टोपली झाकलेलं. दुसरं पान लहानसं, केळीचा तुकडा. त्यावर अर्धा वडा आणि दोन चमचे रस्सा.

"उठ," ती म्हणाली. "राखनदारानं सांगितलाय, अर्धा वाढायचा."

"बरं," मी म्हणालो. मला देवाशी आणि तिच्याशी, दोघांशीही वाद घालायचा नव्हता.

मी वडा मोडला, रश्शात बुडवला आणि चावायला लागलो. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे, सावकाश. बाहेरचं कुरकुरीत, आतलं मऊ, मेथीचा जरासा कडूपणा, मग खोबरं. आयुष्यभर मी वडे गिळत आलो होतो. वड्यात मेथी असते हे मला त्या दिवशी कळलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती अंगणात बघत होती, तिथे कोंबड्या शीतं टिपत होत्या.

"राखनदार मला आये म्हनाला," ती म्हणाली.

माझा घास तोंडातच राहिला.

"तुझ्या काकाच्या अंगात यायचा तवा सगळ्यांना लेकरा म्हनायचा. आप्पालापन लेकरा म्हनायचा. देव कुनाला आये म्हनत नाय."

"मग सगळ्यांना सांगितलं का नाहीस?"

"कशाला?" ती म्हणाली. "त्यांचा सन हाय. होऊ दे." मग म्हणाली, "देव सांगता तर मी इस्वास ठेवला नसता. तुझ्या काकाच्या येळंला देवळात कौल लावला, तवा पन बरा होईल म्हनूनच सांगितलान होता देवानं. पन तू सांगितलास ना. तुझा पोट, तुला ठावं."

अर्धा वडा संपला होता आणि पोट भरलं होतं, खरोखर भरलं होतं.

तिने माझ्या मघाच्या पानावरची टोपली काढली. पान आपल्यापुढे ओढलं. थंड झालेला वडा मोडला, गार रश्शात बुडवला आणि तोंडात घातला.

"आये, तुझा उपास?"

"सुटला," ती म्हणाली. मथुरावयनी दारात उभी राहून बघतच राहिली. मग मला हळूच म्हणाली, "शिमग्यापासनं तिखट सोडलानी होता त्यांनी. तुमची बातमी आली त्या दिसापासनं."

आईने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने दुसरा वडा घेतला. मग तिसरा. रश्शाने तिची बोटं माखली, हनुवटीला तेल लागलं. गौरीच्या दिवशी पानात टाकायचं नसतं, म्हणून कोंबडीचं हाडसुद्धा तिने चोखून घेतलं.

"मथुरे," ती म्हणाली, "आजून हायत काय गो वडे?"

वयनी धावत आत गेली. मी भिंतीला पाठ टेकली आणि आईला जेवताना बघत ओटीवर बसून राहिलो.